समुद्र पाहिला, पाण्यात उतरलो नाही

समुद्रावर सहल म्हटली की आपल्या वस्तीतल्या माणसांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची, एकमेकांचे हात धरून लाटेत शिरायचे, ओले व्हायचे, ओरडायचे आणि अंगाला वाळू चिकटलेली घेऊन घरी परतायचे. लाटेत उतरलो नाही तर पैसे वाया गेले असे लहानांना वाटते, आणि खरे सांगायचे तर मोठ्यांनाही वाटते. २०२४ साली २६ जानेवारी शुक्रवारी आली. जोडून तीन दिवस मिळाले. तेव्हा चेंबूरच्या आमच्या वस्तीतली सहा घरची एकोणीस माणसे मुरुडला गेलो आणि एकही माणूस पाण्यात उतरणार नाही असे आधीच ठरवून गेलो. ठराव विहाराच्या ओट्यावर झाला. तो पूर्णपणे पाळला गेला असे मात्र आम्ही लिहिणार नाही. ते पुढे येईलच.

ठरावाचे कारण आमच्या चाळीतल्या मावशी. बालवाडीत मदतनीस म्हणून त्यांनी उभे आयुष्य काढले. त्यांचा एकुलता मुलगा बारावीची परीक्षा संपल्यावर मित्रांबरोबर समुद्रावर गेला आणि परत आला नाही. त्याला आता तेरा-चौदा वर्षे झाली. तेव्हापासून मावशी चौपाटीवरसुद्धा गेल्या नव्हत्या. चैत्यभूमीला ६ डिसेंबरला येत, पण दर्शन घेऊन मागच्या मागे परतत, समुद्राच्या बाजूला तोंड करीत नसत. अशा बाईला सहलीला कसे बोलवायचे, आणि न बोलावता एकट्या चाळीत कसे ठेवायचे, हा आमच्या सौ.पुढे मोठाच प्रश्न पडला. शेवटी मावशी स्वतःच म्हणाल्या, "भाऊ, मी येते. पोरांचं खाणंपिणं बघीन. पण पाण्याजवळ मला बसवू नका, आणि पोरांना पाण्यात सोडू नका." मग ठराव झाला.

आणखीही एक कारण होते. मोजून बघा, आपल्यापैकी पोहता येणारी माणसे किती? गावाकडे आमच्या वडिलांच्या पिढीला विहिरीत पोहरा टाकायची सोय नव्हती. महाडला १९२७ साली तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. ज्यांना पाण्याला हात लावू दिला नाही त्यांना त्यात पोहायला कोण शिकवणार? मुंबईत आलो तर नळाला तासभर पाणी. आपल्या एकोणीस माणसांत पोहता येणारा एकही नाही, हे आम्हाला यादी करतानाच कळले. आणि मुरुडच्या याच किनाऱ्यावर १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले होते. शिकलीसवरलेली तरुण मुले होती ती.

आता प्रवासाचे. पहाटे साडेपाचला मैत्री पार्कच्या थांब्यावर एस.टी. पकडली. महिलांना मार्च २०२३ पासून एस.टी.त अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत. आमच्यात आठ बायका-मुली आणि बारा वर्षांखालचे चार मुलगे, ही बारा अर्धी तिकिटे. आमच्या मातोश्री सत्त्याहत्तरच्या, त्या फुकट. उरलेले आम्ही सहा जण पूर्ण तिकिटाचे. म्हणजे एकोणीस माणसांचा प्रवास बारा तिकिटांत झाला. बी.कॉम.चा एवढा उपयोग घरच्यांना प्रथमच दिसला. आधार कार्डे मात्र बरोबर ठेवावीत, वाहक मागतो.

मुक्कामाच्या जागेसाठी आधी एके ठिकाणी फोन केला होता. जागा आहे म्हणाले, मग आडनाव विचारले, मग जागा नाही म्हणाले. २०२४ सालची गोष्ट आहे ही. दुसऱ्या घरी आडनाव न विचारता "किती माणसं, मासे खाता ना?" एवढेच विचारले. तिथे उतरलो. सारवलेले अंगण, मागे नारळ-पोफळी, दोन मोठ्या खोल्या आणि पडवी. माणशी पंधराशे रुपये वर्गणीत जेवणखाण आणि जवळपासचे फिरणे धरून तीन दिवस भागले. लहानांची अर्धी वर्गणी घेतली.

अलिबाग, रेवदंडा, काशीद करीत गाडी मुरुडला पोहोचायला बारा वाजत आले. काशीदला खिडकीतून पांढरी वाळू आणि माणसांची झुंबड दिसली तेव्हा गाडीतली सगळी मुले एका बाजूला गोळा झाली. आमचा चौदा वर्षांचा भाचा तिथेच म्हणाला, "मामा, उतरायचं नाही तर आलो कशाला?" आम्ही उत्तर दिले नाही, कारण तेव्हा आमच्याजवळही नीटसे उत्तर नव्हते.

उत्तराचा एक भाग भरती-ओहोटीत होता. किनाऱ्यावर जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने हे गणित शिकून घ्यावे म्हणून इथे सविस्तर लिहितो. कोकणातले जुने लोक तिथीची पाऊणपट करतात. जी तिथी असेल तिला पाऊणने गुणायचे, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. त्यानंतर सहा तासांच्या थोडे पुढे पूर्ण ओहोटी. आम्ही गेलो त्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, पौष पौर्णिमा होती. शनिवारी वद्य द्वितीया. दोनची पाऊणपट दीड. म्हणजे दुपारी दीडला भरती आणि सकाळी साडेसातच्या सुमारास ओहोटी. अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण घड्याळाशी ताडून पाहिले, काम भागते.

आम्ही कागदावर तिथी मांडली तेव्हा आमच्यातले एक जुने कार्यकर्ते हसून म्हणाले, "काय हो, पंचांग कधीपासून बघायला लागलात?" आम्ही म्हटले, हा मुहूर्त नव्हे. चंद्र किती दिवसांचा झाला एवढाच तिथीचा इथे अर्थ. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा येतो, भरतीही तेवढीच उशिरा येते. पंधरा तिथींत बारा तास भरून निघायचे तर रोजची अठ्ठेचाळीस मिनिटे पाहिजेत, पाऊणपटीत पंचेचाळीसच येतात, म्हणून गणितात तीन मिनिटांची तूट राहते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, म्हणून तेव्हा उधाण. अष्टमीच्या आसपास भरती लहान, ओहोटीही लहान. आपण पौर्णिमेला विहारात जमतो, तेव्हा चंद्राचा हिशेब आपल्याला नवा नाही. कार्यकर्ते म्हणाले, "मग ठीक आहे." दुसऱ्या दिवशी तेच मुलांना पाऊणपट शिकवीत होते.

उधाणाच्या दिवसांत ओहोटीही तशीच लांबवर जाते. शनिवारी सकाळी सातला आम्ही किनाऱ्यावर गेलो तर समुद्र जागेवर नव्हताच. रात्री जिथे पाणी होते तिथे ओली, घट्ट, चालायला रस्त्यासारखी वाळू, आणि पाणी पार दूर. मुलांना आम्ही सांगितले, आता वाळूवर कुठेही जा, पाण्याची कड दिसते तिच्या अलीकडे शंभर पावलांवर थांबा. ती दोन तास परत आली नाहीत. बारीक खेकडे वाळू तोंडात घालून त्यातले खाण्याजोगे तेवढे घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात. अशा हजारो गोळ्यांची नक्षी बिळाभोवती पडलेली असते. माणूस जवळ गेला की खेकडा आत. मुलांनी श्वास रोखून बसायची शर्यत लावली, ज्याच्यासमोर खेकडा आधी बाहेर येईल तो जिंकला. या शर्यतीला पैसे लागत नाहीत. खडकाच्या बाजूला कोळणी कालवे काढीत होत्या. एकीने आमच्या मुलीला दाखवले, कालव दगडाला कसे चिकटते आणि बोट न कापता कसे सोडवायचे. थंडीत येणारे कुरव पक्षी पाण्याच्या कडेने ओळीत बसले होते. आमच्या मातोश्री चप्पल हातात घेऊन चालत होत्या. म्हणाल्या, सत्त्याहत्तर वर्षांत एवढी सपाट जमीन पायाखाली आली नव्हती.

मावशी किनाऱ्यावर आल्या नाहीत. सुरूच्या झाडांच्या अलीकडे कट्ट्यावर, समुद्राला पाठ करून, मुलांच्या चपला राखीत बसल्या.

तिथून राजपुरीला गेलो. जंजिरा किल्ल्याबद्दल पुष्कळांनी लिहिले आहे, म्हणून थोडक्यात. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या सुटतात. पावसाळ्यात किल्ला बंद असतो आणि वारा जोराचा असेल तर एरवीही होड्या थांबतात, हे लक्षात ठेवावे. जोडून सुट्टी असल्याने आम्हाला रांगेत दीड तास लागला. होडी तटाजवळ जाईपर्यंत दरवाजा दिसतच नाही, कोरी भिंत दिसते. अगदी जवळ गेल्यावर दोन बुरुजांमध्ये दरवाजा उघडतो. आत कलालबांगडी तोफ आहे, पडक्या वाड्याच्या भिंती आहेत, पण आम्हाला सर्वांत नवल वाटले ते गोड्या पाण्याच्या तळ्यांचे. चहूबाजूंनी खारे पाणी आणि मध्ये पिण्याचे गोडे पाणी, त्याच्याच बळावर किल्ला टिकला. किल्ला सिद्दींचा. सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून आलेले हबशी. त्यांतले कितीतरी गुलाम म्हणून विकले गेलेल्यांपैकी. त्यांच्याच हाती पुढे इथले राज्य आले आणि ते संस्थान १९४८ साली विलीन होईपर्यंत टिकले. विकत घेतलेल्या माणसांनी राज्य चालवले, हे मुलांना सांगताना आम्हाला समाधान वाटले. त्या राज्यात रयतेचे काय हाल होते तो वेगळा विषय, तो इथे नको. १६८२ साली संभाजी महाराजांनी किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत समुद्रात दगड टाकून वाट बांधायला घेतली होती, हेही होडीवाल्याने सांगितले आणि ते खरे आहे.

मावशी होडीत बसल्या नाहीत. धक्क्यावर जाळी विणणाऱ्या बायकांत जाऊन बसल्या. आम्ही परतलो तेव्हा त्या एका म्हाताऱ्या कोळणीबरोबर सुकी मांदेली निवडीत होत्या आणि दोघी खूप वेळ बोलत असाव्यात, कारण आम्हाला पाहून दोघी गप्प झाल्या. निघताना कोळणीने पावशेर मांदेली मावशींच्या पिशवीत घातली, पैसे घेतले नाहीत. वाटेत मावशी एवढेच म्हणाल्या, "तिचा नवरा आन दीर, दोघं गेले. एकाच होडीत. तरी रोज धक्क्यावर येते."

आता आमची चूक सांगतो. दुपारी जेवण जड झाले. बोंबील, भात, सोलकढी. आम्ही पडवीत आडवे झालो आणि झोप लागली. बाकीचे पुरुषही लवंडले. दीडची भरती उलटून गेली होती, चारच्या सुमाराला पाणी जोराने मागे ओढत होते. लाटा अशा नव्हत्याच. समुद्र शांत, तेलासारखा दिसत होता, आणि याच वेळेला नवखा माणूस फसतो. लाट दिसते म्हणून माणूस तिला भितो, ओढ दिसत नाही. त्यातून जवळपास खाडीचे तोंड असले तर आत भरलेले सगळे पाणी त्या वाटेने बाहेर जायला बघते. हे सगळे आम्हाला माहीत होते, कागदावर मांडून झाले होते, आणि आम्ही झोपलो होतो.

भाचा आणि त्याच्याबरोबरचे दोन मुलगे मागच्या वाटेने किनाऱ्यावर गेले. मावशी भांडी घासायला विहिरीपाशी होत्या, त्यांना मुले जाताना दिसली. त्यांनी आम्हाला उठवले नाही. का उठवले नाही ते आम्ही नंतर विचारले, तर म्हणाल्या, "तेवढा वेळ नव्हता." हातातले पातेले तिथेच टाकून ही साठी ओलांडलेली बाई सुरूच्या बनातून धावत गेली. दोन मुले घोट्याएवढ्या पाण्यात होती. भाचा मांडीपर्यंत आत होता आणि मागे वळून त्या दोघांना हाका मारीत होता. मावशी लुगडे न सावरता तशाच पाण्यात शिरल्या, गुडघ्यापर्यंत गेल्या, त्याच्या मनगटाला धरले आणि एक शब्द न बोलता ओढत बाहेर आणले. मारले नाही, ओरडल्या नाहीत. आम्ही धावत पोहोचलो तेव्हा दोघे कोरड्या वाळूवर बसले होते. मावशींनी त्याचे मनगट सोडले नव्हते. त्याच्या मनगटावर बोटांचे वळ उठले होते ते दुसऱ्या दिवशीही दिसत होते.

भाचा म्हणाला, "मामा, पायाखालची वाळू जात होती." आम्ही काय बोलणार? ज्याने ठराव मांडला तोच झोपलेला. रात्री जेवणाच्या आधी सर्वांसमोर आम्ही आमची चूक कबूल केली. आमच्या सौ.नी नंतर खाजगीत जे सुनावले ते छापण्याजोगे नाही. त्या दिवसापासून एक नियम केला आहे: किनाऱ्याच्या मुक्कामात दुपारी दोन मोठी माणसे जागी राहतील, नावानिशी, पाळी लावून. आपल्या मंडळांनी सहली काढताना वर्गणीच्या वहीत ही पाळीसुद्धा लिहावी. पाहरेकरी ठेवायला लाजू नये.

रात्री आठच्या पुढे चंद्र वर आला. वद्य द्वितीयेचा, जवळजवळ पुराच. सगळे अंगणात बसलो होतो. मावशी आपण होऊन म्हणाल्या, "चला, बघून येऊ." कोणी काही न विचारता उठलो. किनाऱ्यावर पुष्कळ माणसे होती, पण आवाज कमी होता. समोर दूरवर पद्मदुर्गाचा काळा ठिपका, अलीकडे पाण्यावर चांदण्याचा पट्टा. मावशी वाळूवर बसल्या, या वेळी समुद्राकडे तोंड करून. मुलाचे नाव घेतले. तो कसा होता ते सांगू लागल्या. क्रिकेट, भीमगीतांच्या कार्यक्रमात ढोलकी, बारावीत अकाउंट्सला पंच्याहत्तर मार्क. निकाल तो गेल्यानंतर लागला होता. चौदा वर्षांत आम्ही त्यांच्या तोंडून हे कधी ऐकले नव्हते, आणि शेजारी राहून कधी विचारलेही नव्हते. भाचा त्यांच्या शेजारी बसला होता. दीड-दोन तास बसलो असू. थंडी वाजू लागली तेव्हा उठलो.

रविवारी परतीच्या वाटेवर कुडा लेणी करायची असे ठरले होते. मुरुडहून आगरदांडा-मांदाडच्या बाजूला साधारण तासाभराचा रस्ता. एक टेम्पो ठरवला, सामान त्यातच टाकले. लेणी बघून तळ्यावरून इंदापूरला महामार्गावर निघायचे आणि तिथून एस.टी., असा बेत. गारंबीचे धरण आणि फणसाडचे अभयारण्य यांना वेळ मिळाला नाही. ज्यांच्याकडे आणखी एक दिवस असेल त्यांनी ते बघावे, शेकरू दिसण्याचे भाग्य असले तर फणसाडला दिसते.

कुड्याची सव्वीस लेणी डोंगराच्या कुशीत दोन टप्प्यांत आहेत. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी कोरायला सुरुवात झाली. खाली राजपुरीची खाडी. प्राचीन काळी परदेशी व्यापाऱ्यांनी या किनाऱ्यावरच्या ज्या मंदगोर बंदराचा उल्लेख केला, ते इथलेच मांदाड असे काही अभ्यासक मानतात. खाडीतून गलबते आत येत, व्यापारी उतरत, आणि त्यांच्या दानातून भिक्खूंसाठी ही घरे कोरली गेली. पण दान देणारे नुसते व्यापारी नव्हते. तिथल्या शिलालेखांतली नावे आम्ही एका वहीत उतरून नेली होती, ती एकेका लेण्यापाशी वाचली. एक माळी आहे. कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारी आहे. एका वैद्याचे कुटुंब आहे. पदुमनिका नावाची भिक्खुणी आहे. आणि शिवभूती आहे, तो लेखक, म्हणजे महाभोज घराण्याच्या पदरी लिहिण्याचे काम करणारा, आजच्या भाषेत कारकून. आमच्याच धंद्यातला माणूस! बावीस वर्षे कचेरीत जावक-आवक लिहिणाऱ्या आम्हाला हे वाचून जो आनंद झाला तो कसा सांगावा? आमचे नाव कचेरीच्या कुठल्याच दगडावर लागणार नाही. त्या शिवभूतीचे अजून वाचता येते.

सहाव्या लेण्याच्या दर्शनी भागात दोन बाजूंना हत्ती कोरलेले आहेत. हे लेणे शिवभूतीचा धाकटा भाऊ शिवम याच्या कुटुंबाचे. लेखात त्याच्या पत्नीचे, विजयाचे नाव आहे. कोरीवकामाशी मुलग्यांची नावे जोडलेली आहेत आणि खांबांशी मुलींची. आमच्या मुलीने लगेच खांबाला हात लावून बघितला. आत चैत्यापुढे त्रिसरण-पंचशील घेतले. आवाज त्या दगडी घरात चांगला घुमतो, लहान मुले पुन्हा पुन्हा म्हणत होती.

बाहेर आलो तेव्हा साडेअकरा झाले होते. मावशी ओसरीच्या पायरीवर बसून खाली बघत होत्या. खाडीचे पाणी चकचकत होते, लाट म्हणून एक नाही. कडेला कांदळवन. तृतीयेची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे भरती चालू होती. पण आवाज नाही, फेस नाही. मघाशी उघडा असलेला चिखलाचा पट्टा हळूहळू झाकला जात होता. कांदळाची मुळे एकेक करून पाण्याखाली जात होती.

"भाऊ, हे तेच पानी का, कालचं?"

"तेच, मावशी. मुरुडच्या बाजूनंच आत येतं."

"मग हितं एवढं गुमान कसं?"

आम्ही सांगितले, इथे आत यायला लांबची वाट आहे, दोन्ही बाजूंनी डोंगर, लाट वाटेतच विरते, नुसती भरती तेवढी पोहोचते. त्यांनी मान हलवली. आम्ही बाकीची लेणी बघून, पाण्याच्या टाक्या मोजून, भाकरी सोडून तयार केल्या तरी त्या तिथेच बसून होत्या. पाणी खालच्या एका दगडापर्यंत चढताना त्यांना बघायचे होते. ते चढले, मग जेवायला आल्या. जेवताना भाच्याला दोन वेळा वाढले.

इंदापूरला गाडी भरून येत होती, तीन गाड्या सोडाव्या लागल्या. चौथीत बसायला जागा मिळाली ती बायकांना आणि मातोश्रींना, आम्ही पुरुष मंडळी पेणपर्यंत उभे. रात्री नऊला चेंबूर. सहाशे चाळीस रुपये शिल्लक उरले, ते विहाराच्या पेटीत टाकले आणि वहीत तशी नोंद केली.

महापालिकेच्या तरण तलावांवर उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांसाठी एकवीस दिवसांचे पोहण्याचे वर्ग असतात. मार्च अखेरीस, वर्षअखेरच्या कामात आम्ही गुरफटलेले असताना, एका संध्याकाळी मावशी दारात आल्या. हातात चार फॉर्म होते. भाच्याचा, त्या दोन मुलांचा आणि आमच्या मुलीचा. तलावावर जाऊन, चौकशी करून, त्यांनी स्वतः आणले होते. पालकांच्या सहीच्या जागी बोट ठेवून म्हणाल्या, "हितं. आन पैशाचं मी बघते, तुम्ही फक्त सकाळी सहाला पोरांना उठवा."